भक्तांचे कवित्व आणि हिंसेचे वर्णन : चाकण-चिंचवड परिसराच्या इतिहासातील एक प्रश्न

१

पिंपरी, चिंचवड आणि चाकण ही नावे उच्चारताच आज प्रथम कारखाने डोळ्यांपुढे येतात. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० साली येथे नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका आली. शतक संपता संपता चाकणचे माळरानही मोटारींच्या धंद्याने व्यापले. या अर्धशतकातील स्थित्यंतराचा अभ्यास अर्थशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाला आहे आणि तो व्हावयासच हवा. परंतु याच पट्ट्यात, एकमेकांपासून थोड्याच कोसांच्या अंतरावर, मराठ्यांच्या इतिहासातील तीन रक्तरंजित प्रसंगांची स्मृतिस्थळे आहेत, ही गोष्ट सहसा एकत्रितपणे लक्षात घेतली जात नाही. चाकणचा किल्ला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने लढविला. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरील तुळापूर आणि जवळचे वढू ही गावे १६८९ मधील संभाजी महाराजांच्या वधाशी निगडित आहेत. आणि चिंचवड हे चापेकर बंधूंचे गाव.

या तिन्ही प्रसंगांवर त्या त्या पुरुषांच्या भक्तांनी रचना केल्या आहेत. पदे, श्लोक, पोवाडे, मेळ्यांतील गाणी, उत्सवांतील देखावे आणि आता चित्रपट व भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या लहान चित्रफिती. या रचनांत शस्त्रांचे, जखमांचे आणि मृत्यूचे जे उघड वर्णन येते, त्याचा प्रत्यक्ष हिंसेशी संबंध काय, हा प्रश्न गेली सव्वाशे वर्षे न्यायालयांत, विधिमंडळांत आणि वृत्तपत्रांत वारंवार उपस्थित झाला आहे. एक पक्ष म्हणतो की असे वर्णन तरुणांच्या हातात शस्त्र देते. दुसरा पक्ष म्हणतो की ते केवळ पूर्वजांचे पुण्यस्मरण आहे. दोन्ही पक्ष चापेकरांचे उदाहरण आपापल्या बाजूने वापरतात. प्रस्तुत लेखात त्या उदाहरणाची छाननी करून, वर्णनाच्या उग्रतेपेक्षा वर्णनाचे संबोधन कोणाला उद्देशून आहे हे पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास अधिक फलदायी ठरते, असे दाखविण्याचा हेतू आहे.

येथे 'भक्त' हा शब्द मर्यादित अर्थाने योजला आहे. राजाश्रयाने लिहिणारा कवी किंवा पोटासाठी गाणारा शाहीर यांच्याहून वेगळा असा, केवळ आराध्य पुरुषावरील प्रेमाने स्वतः काही रचणारा, गाणारा किंवा उभारणारा मनुष्य या शब्दाने अभिप्रेत आहे. अर्थात ही सीमारेषा नेहमीच स्पष्ट असते असे नाही, हे पुढे दिसेल.

२

मराठीतील उपलब्ध पोवाड्यांत शिवकालीन म्हणून ज्याला अग्रस्थान दिले जाते, तो अगीनदासाचा अफजलखानाच्या वधावरील पोवाडा होय. वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झाला. जिजाबाईंच्या आज्ञेवरून तो रचला गेला आणि शाहिरास घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असे परंपरा सांगते. म्हणजे अगीनदास हा आपल्या व्याख्येप्रमाणे शुद्ध 'भक्त' नव्हे. तो बिदागी घेणारा शाहीर आहे. तरीही पुढील सर्व भक्तरचनांचा साचा त्याच्या पोवाड्यातून निघाला, म्हणून प्रारंभ तेथूनच करणे भाग आहे.

या पोवाड्यातील हिंसा कशी आहे? ती नुसती सूचित केलेली नाही, सांगितलेली आहे. शस्त्रांची नावे आहेत, कोणत्या हाती काय होते हे आहे, वार कोठे बसला हे आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतही हीच पद्धत आढळते : खानाने मान बगलेत धरली, जमदाडाचा वार केला, तो अंगातील चिलखतावर खरखरला, मग वाघनख आणि बिचवा. बखर शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिली गेली. पोवाडा तिच्या आधीचा. दोघांचेही लक्ष शरीरावर आहे.

संस्कृत नाट्यपरंपरेशी तुलना केली म्हणजे याचे वैशिष्ट्य अधिक उठून दिसते. भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकाच्या द्वारे सूचित कराव्यात, असा निर्बंध आहे. बीभत्स आणि रौद्र हे रस म्हणून मान्य आहेत, परंतु मृत्यूचे प्रत्यक्ष दर्शन रंगभूमीवर वर्ज्य आहे. डफ-तुणतुण्याच्या साथीवर उभा राहून गाणाऱ्या शाहिरास हा निर्बंध लागू नव्हता. त्याच्याजवळ केवळ शब्द होते, आणि शब्दांनी उभे केलेले दृश्य श्रोत्याला स्वतःच्या कल्पनेत पुरे करावे लागत असे. उग्र वर्णनाला असे एक अंगभूत अंतर लाभलेले होते. या अंतराचे महत्त्व पुढे कळेल.

याच्या शेजारी चाकणचा वेढा ठेवून पाहण्यासारखा आहे. प्रतापगडानंतर अवघ्या सात-आठ महिन्यांनी, जून १६६० मध्ये शाएस्ताखानाने संग्रामदुर्ग ऊर्फ चाकणचा भुईकोट वेढला. पावसाळ्याच्या दिवसांत सुमारे दोन महिने फिरंगोजीने तो झुंजविला. अखेर १४ ऑगस्टला मोगलांनी बुरुजाखाली पोहोचविलेला सुरुंग उडाला; बुरुजावरील माणसे बुरुजासह उडून गेली, आणि दुसऱ्या दिवशी किल्ला हातचा गेला. फारसी साधनांवरून मोगलांकडील २६८ माणसे ठार व ६०० जखमी झाल्याचे इतिहासकार नमूद करतात. मनुष्यहानीच्या मापाने पाहता हा प्रसंग प्रतापगडच्या शामियान्यातील भेटीहून कितीतरी भयंकर होता. परंतु प्रतापगडच्या पोवाड्याची सर चाकणवरील कोणत्याही रचनेला आली नाही.

कारण उघड आहे. शामियान्यात दोन पुरुष समोरासमोर आहेत. दोघांनाही चेहरा आहे, नाव आहे, शस्त्र आहे. सुरुंगाला चेहरा नाही. भक्ताचे कवित्व हिंसेवर पोसते हे विधान म्हणून अपुरे आहे. ते द्वंद्वावर पोसते. जी हिंसा एका हाताने दुसऱ्या देहावर केली, तिचेच गाणे होते. जी दारूगोळ्याने, उपासमारीने किंवा रोगाने झाली, ती आकड्यांत उरते. हा निष्कर्ष ध्यानात ठेवून आता चिंचवडकडे वळू.

३

१८६९ हे वर्ष दोन कारणांनी लक्षणीय आहे. त्या वर्षी जोतीराव फुले यांनी छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पोवाडा प्रसिद्ध केला. फुले हे शाहीर नव्हते आणि कोणाच्या आश्रयासही नव्हते. शिवचरित्राविषयीच्या स्वतःच्या आदरातून त्यांनी ती रचना केली. आपल्या अर्थाने आधुनिक काळातील भक्तरचनेचा हा ठळक प्रारंभ मानता येतो. आणि त्याच वर्षी दामोदर हरी चापेकर यांचा जन्म झाला.

चापेकरांचे घराणे चिंचवडचे. मोरया गोसावींच्या समाधीमुळे गणेशोपासनेचे क्षेत्र म्हणून ते गाव आधीपासून प्रसिद्ध होते. वडील हरी विनायक हे कीर्तनकार होते आणि मुले त्यांना साथ करीत. ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती मध्यवर्ती आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान येते, आणि आख्यानांच्या भांडारात हिरण्यकशिपूचा, कीचकाचा, कंसाचा वध असतोच. नखांनी उदर विदारणारा नरसिंह आणि वाघनख धारण केलेले महाराज यांची सांगड मराठी मनात सहज बसते. ज्यांचे बालपण अशा आख्यानांच्या साथीत गेले, त्यांना हिंसेचे वर्णन परके वाटण्याचे कारण नव्हते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. हजारो मुलांनी ती आख्याने ऐकली आणि त्यांपैकी कोणी कोणावर गोळी झाडली नाही. तेव्हा आख्यान हे पार्श्वभूमी म्हणून सांगावे, कारण म्हणून नव्हे.

१८९३-९४ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आले आणि मेळे निघू लागले. १८९६ च्या एप्रिलात रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला. या दोन उत्सवांनी भक्तरचनेला पूर्वी कधी न लाभलेले व्यासपीठ मिळवून दिले. आळीतील मुले स्वतः पदे जुळवीत, स्वतः चाली लावीत आणि स्वतःच गात. गाणारा आणि ऐकणारा एकाच मंडळातले असत. शाहीर आणि श्रोता यांच्यातील जुने अंतर येथे पुष्कळ कमी झाले.

दामोदर आणि बाळकृष्ण यांनी शारीरिक व लष्करी शिक्षणासाठी एक मंडळी काढली होती. धर्माच्या मार्गातील विघ्ने दूर करणे हा अर्थ तिच्या नावात होता. १९१८ च्या राजद्रोह समितीच्या, म्हणजे रौलट समितीच्या, अहवालाचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्याविषयी आहे आणि त्यात या बंधूंनी उत्सवांत म्हटलेले श्लोक दिले आहेत. शिवाजीविषयक श्लोकाचा आशय विलक्षण आहे. भाटाप्रमाणे शिवाजीची कथा नुसती गात बसल्याने स्वातंत्र्य मिळत नाही, शिवाजी-बाजींप्रमाणे साहसी कृत्ये करावयास उठले पाहिजे, असे तो सांगतो. आणि पुढे ढाल-तलवार हाती घेण्याची व शत्रूंची अगणित मस्तके उडविण्याची भाषा करतो.

अभ्यासकांनी या आशयाकडे बारकाईने पाहावे. हा श्लोक पोवाड्याच्या परंपरेतला आहे, पण तो पोवाड्यावरच उलटला आहे. कवित्वाने कवित्वाचा येथे धिक्कार केला आहे. अगीनदास 'असे झाले' म्हणून सांगतो. चापेकरांचा श्लोक 'तुम्ही करा' म्हणून सांगतो. वर्णनाच्या दृष्टीने पाहता श्लोकातील हिंसा पोवाड्याहून सौम्य आहे. तीत विशिष्ट देह नाही, विशिष्ट जखम नाही, केवळ मोघम मस्तके आहेत. परंतु क्रियापद बदलले आहे. भूतकाळ जाऊन आज्ञार्थ आला आहे, तृतीय पुरुष जाऊन द्वितीय पुरुष आला आहे.

याबरोबरच साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. हे श्लोक आपल्यापुढे येतात ते समितीने दिलेल्या इंग्रजी भाषांतरातून. दामोदरांचे आत्मवृत्त तर ते अटकेत असताना लिहिलेले. भक्ताच्या शब्दांचे जतन अभियोक्त्याने केले, ही येथील विपर्यस्त स्थिती आहे. मेळ्यांच्या पदांपैकी सरकारला जी निरुपद्रवी वाटली, ती कोणी टिपून ठेवली नाहीत. त्यामुळे उत्सवी रचना बहुतांशी हिंसक होती असा जो ग्रह अहवाल वाचून होतो, तो साधनांच्या निवडीतून झालेला असण्याचा संभव मोठा आहे.

४

२२ जून १८९७ रोजी रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या वॉल्टर चार्ल्स रँडवर गणेशखिंड रस्त्यावर दामोदरांनी गोळी झाडली. दुसऱ्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास फाशी झाली. माहिती पुरविणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर व महादेव रानडे यांनी ठार केले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात वासुदेव, रानडे व बाळकृष्ण असे तिघेही फासावर गेले. सरकारने माहितीसाठी वीस हजार रुपयांचे इनाम लावले होते. एका घरातील तीन मुलगे तेरा महिन्यांच्या आत गेले. हे आकडे व तारखा एरवी गौरवाच्या ओघात वाचल्या जातात. त्यांचा भार किती होता हे चिंचवडच्या त्या वाड्यात उभे राहिल्यावरच कळते.

या कृत्याचे कारण श्लोकांत शोधणे कितपत युक्त आहे? १८९६ च्या अखेरीपासून पुण्यात प्लेगची साथ पसरू लागली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली, आणि गोऱ्या सोल्जरांकडून घरांच्या झडत्या सुरू झाल्या. स्वयंपाकघरात व देवघरात शिरणे, सामानसुमान जाळणे, स्त्री-पुरुषांची उघड्यावर तपासणी करणे, या प्रकारांविषयी तक्रारींचे अर्ज झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत यासंबंधी केलेले आरोप, पुरावा पुढे करता न आल्यामुळे, त्यांना जाहीर माफी मागून परत घ्यावे लागले. म्हणजे सनदशीर मार्गाने गाऱ्हाणे सिद्ध करणेही किती दुष्कर होते हे दिसते. उलट पक्षी, दामोदर-बाळकृष्णांच्या मंडळीचा कल प्लेगच्या आधीपासूनच दंडशक्तीकडे होता, हेही नाकारता येत नाही. श्लोक प्लेगपूर्वीचे आहेत आणि गोळी प्लेगनंतरची आहे. श्लोकांनी मनोवृत्ती सांगितली. प्रसंग आणि लक्ष्य प्लेगच्या कारभाराने पुरविले. यांपैकी एकच धागा उचलून त्याला कारण म्हणणे हे इतिहासाचे काम नव्हे.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. प्लेगने पुण्यात शेकडो माणसे नेली. त्या मरणाला चेहरा नव्हता आणि त्याचे गाणे झाले नाही. रँडला चेहरा होता. चाकणच्या सुरुंगाविषयी वर जे म्हटले, त्याचीच ही पुनरावृत्ती आहे. भक्ताच्या कल्पनेला अदृश्य संकटासाठी एक दृश्य प्रतिस्पर्धी लागतो, आणि एकदा तो सापडला म्हणजे संकटाचे सर्व पाप त्याच्या माथी जमा होते.

५

खुनाच्या आधी एक आठवडा, १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता प्रसिद्ध झाली होती. उत्सवात अफजलखानाच्या वधाचे समर्थन झाले. थोर पुरुषांची कृत्ये सामान्य दंडसंहितेने मोजावयाची नसतात, गीतेच्या दृष्टीने पाहावयाची असतात, असा टिळकांच्या भाषणाचा रोख होता. २७ जुलैला टिळकांना अटक झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे खटला चालला. सहा युरोपियन ज्यूरर एका बाजूला आणि तीन हिंदी ज्यूरर दुसऱ्या बाजूला अशी विभागणी होऊन १४ सप्टेंबरला दीड वर्ष सक्तमजुरीची शिक्षा झाली. लेखनामुळे प्रत्यक्ष काही उपद्रव झाला की नाही हा प्रश्न कलम १२४ अ च्या दृष्टीने गैरलागू आहे, असे न्यायमूर्तींनी ज्यूरीस सांगितले होते. आणि अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, हा त्यांचा अर्थ पुढे विख्यात झाला. १८९८ साली कलमात दुरुस्ती झाली आणि वर्गावर्गांत वैर पसरविण्याविषयीचे कलम १५३ अ नव्याने आले.

या ठिकाणी एक तुलना उद्बोधक आहे. अगीनदासाचा पोवाडा अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहात १८९१ साली छापला गेला. हॅरी अ‍ॅक्वर्थ हे मुलकी सेवेतील इंग्रज अधिकारी. १८९४ साली त्यांनी पोवाड्यांचा इंग्रजी पद्यानुवाद विलायतेत प्रसिद्ध केला. पोट फाडल्याचे आणि शिर कापल्याचे वर्णन सरकारी अधिकाऱ्याच्या हातून, लोकवाङ्मयाचा नमुना म्हणून, सन्मानाने छापले जाते. तीन वर्षांनी, जिच्यात रक्ताचे वर्णन नाही, केवळ जागे झालेले महाराज ढासळलेले किल्ले, प्रजेचे दारिद्र्य आणि गोवध पाहून विषाद करतात, अशी कविता न्यायालयात पुरावा म्हणून वाचली जाते.

तेव्हा राज्यकर्त्यांना भय रक्ताचे नव्हते. भय होते ते काळाच्या उल्लंघनाचे. पोवाड्यातील महाराज १६५९ मध्ये होते. कवितेतील महाराज १८९७ मध्ये उभे राहिले. पुढे खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चे असेच झाले. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झनला ओळखले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. कीचकाचा वध महाभारताइतका जुना आहे आणि कीर्तनात तो शतकानुशतके होत आला होता. बंदी वधावर आली नाही, ओळखीवर आली.

येथे या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य मांडता येते. भक्तरचनेतील हिंसेच्या तीन अवस्था कल्पाव्यात. पहिली वृत्ताची : अमुक झाले. दुसरी रूपकाची : झाले ते आजचे आहे. तिसरी आज्ञेची : तुम्ही करा. अगीनदास पहिल्या अवस्थेत आहे, 'शिवाजीचे उद्गार' आणि 'कीचकवध' दुसऱ्या, चापेकरांचा श्लोक तिसऱ्या. वर्णनाची उग्रता पहिलीकडून तिसरीकडे जाताना वाढत नाही; उलट कमी होत जाते. जेथे प्रत्येक जखम सांगितलेली असते, तेथे श्रोता प्रेक्षक राहतो. जेथे जखम मोघम राहते, तेथे तिची जागा भरण्याचे काम श्रोत्याकडे येते. उग्र वर्णनाला जे सरसकट घातक मानतात, त्यांनी या क्रमाचा विचार करावा.

६

विसाव्या शतकाच्या मध्यात या परंपरेला निराळी वळणे लागली. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरी पुन्हा रस्त्यावर आली, आणि कामगारवस्त्यांत ती गायली गेली. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे महत्त्वाचे ते शतकाच्या अखेरीस झालेले माध्यमांतर, म्हणजे शब्दाकडून चित्राकडे झालेली वाटचाल.

२००९ च्या सप्टेंबरात मिरजेत गणेशोत्सवाच्या एका कमानीवरील अफजलखानवधाच्या चित्रावरून तंटा होऊन दंगल उसळली व ती सांगली-इचलकरंजीपर्यंत पसरली. चित्रातील प्रसंग पोवाड्यातलाच होता. परंतु पोवाड्याला आरंभ आणि शेवट असतो. खानाची स्वारी, भेटीची बोलणी, प्राणावर बेतलेला पहिला वार, हे सारे सांगून मग शाहीर वधाशी येतो. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता आणि खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, हे कथेच्या ओघात कळते. वधानंतर खानाचे दफन मानाने झाले ही परंपरा आणि गडाच्या पायथ्याची कबर, हाही कथेचाच भाग आहे. कमानीवर यांपैकी काहीच मावत नाही. तेथे एक क्षण उरतो, आणि तो सतत वर्तमानकाळात असतो. वृत्ताची अवस्था गाळून चित्र आपोआप रूपकाच्या अवस्थेत जाते. त्यासाठी चित्रकाराचा तसा हेतू असण्याचीही गरज नसते.

शाहिराच्या श्रोत्याला लाभलेले जे अंतर वर सांगितले, ते येथे नाहीसे होते. शब्दाचे चित्र श्रोता आपल्या सोशिकतेप्रमाणे करतो. कमानीवरील चित्र त्या रस्त्याने जाणाऱ्या सर्वांना, न मागता, सारखेच दिसते. आजच्या चित्रफितींत तर दोन-तीन तासांच्या चित्रपटातून अर्ध्या मिनिटाचा वार वेगळा काढला जातो, त्यावर संगीत चढविले जाते आणि तो हातोहात पसरतो. भरताने मरण अंकाबाहेर ठेवले होते. येथे अंक बाहेर राहून केवळ मरण आत येते.

तुळापूर-वढूच्या प्रसंगाने या परंपरेत आणखी एक पालट घडविला आहे. ११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचा वध झाला. तत्पूर्वीच्या छळाचे उल्लेख फारसी ग्रंथांत आहेत. शिवाजी सावंतांची 'छावा' ही कादंबरी १९७९ ची. तिच्यावर आधारलेला चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला आणि त्यातील छळाचे प्रदीर्घ दृश्य पाहून चित्रपटगृहांत प्रेक्षक रडले, घोषणा देऊ लागले. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात हिंसाचार झाला, तेव्हा या चित्रपटाने भावना प्रक्षुब्ध झाल्याचा उल्लेख मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केला. अगीनदासापासून चापेकरांपर्यंत वर्णिलेली हिंसा शत्रूच्या देहावर होती. येथे ती आराध्याच्या देहावर आहे. पहिलीने विजयाचा आनंद होतो आणि गाणे संपते. दुसरीने शोक होतो, आणि त्या शोकाला कथेच्या आत शेवट मिळत नाही. ज्याने छळ केला तो १७०७ सालीच गेला. मग भक्ताची दृष्टी जिवंत माणसांत त्याचा चेहरा शोधू लागते. प्लेगच्या साली जे घडले त्याच्याशी या मनोव्यापाराचे साम्य आहे. फरक एवढाच की रँडच्या हाती खरोखर अधिकार होता. आज ज्याच्या अंगी हा चेहरा चिकटविला जातो, तो पुष्कळदा शेजारच्या आळीतील निरपराध माणूस असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक नजरेआड करता कामा नये.

७

यावरून बंदीचा कायदा हवा असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. १८९७ चा खटला, १८९८ ची दुरुस्ती, १९१० ची नाट्यबंदी यांपैकी कशानेही भक्तांचे कवित्व थांबले नाही. बंदीने कवितेला हौतात्म्य दिले आणि तिच्याविषयी निवांतपणे विचार करण्याची वाट मात्र बंद केली. कलम १२४ अ १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या आगमनाने इतिहासजमा झाले, तरी त्याच्याशी मिळत्याजुळत्या तरतुदी नव्या संहितेत आहेत. कायद्याने या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही, एवढेच त्यावरून दिसते.

इतिहासाचे काम कायद्याहून वेगळे आहे. भक्ताने जे गाळले ते परत आणून ठेवणे, हे ते काम. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात, प्रथम साताऱ्यास, आली. तीच प्रतापगडावर वापरली गेली याला निर्णायक पुरावा नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाने म्हटले होते. तरी लोक दर्शनाला गेले. भक्तीला पुरावा लागत नाही, आणि तो तिच्याकडे मागूही नये. परंतु भक्ती जेव्हा 'तुम्ही करा' असे म्हणू लागते, तेव्हा पुरावा मागणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होते.

चाकण-चिंचवडच्या पट्ट्यात आज मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून आलेली लाखो माणसे राहतात. नव्या वसाहतींत उत्सवमंडळे आहेत, देखावे आहेत, हौशी शाहीर आहेत, चित्रफिती करणारी मुले आहेत. आपल्या मूळ गावापासून तुटलेल्या तरुणाला शिवाजी महाराजांच्या नावाने एक नवे गणगोत मिळते, ही गोष्ट तुच्छतेने पाहण्यासारखी नाही. १८९७ सालची मेळ्यांची पदे कोणी टिपली नाहीत म्हणून आज आपल्याला ती अभियोक्त्याच्या कागदांत शोधावी लागतात. तीच चूक पुन्हा होऊ नये. ही मंडळे काय रचतात, काय गातात, कोणता प्रसंग निवडतात आणि कोणता वगळतात, याची पद्धतशीर नोंद आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी आताच करावयास हवी. ती करताना किती रक्त दाखविले हे मोजून थांबू नये. गाण्यातील क्रियापद कोणत्या काळात आहे आणि ते कोणाला उद्देशून आहे, हे लिहून ठेवावे. फिरंगोजीच्या बुरुजावर सुरुंगाने उडालेल्या बिननावाच्या माणसांसाठी त्यांपैकी कोणी एखादे कडवे रचले आहे काय, हेही विचारावे. तसे कडवे कोठे सापडले, तर या परंपरेविषयीचे येथील काही निष्कर्ष बदलावे लागतील, आणि ते आनंदाने बदलता येतील.